पाणी पिणारी मोटार

आमच्या आबांनी आयुष्यात किती बैल पारखून घेतले याची गणती त्यांनाही नव्हती, पण त्यांतला एकही खोटा निघाला नाही. मोटार त्यांनी एकच पारखली. तिच्यामुळे मी शिकले, मास्तरीण झाले, पुढे हेडमास्तरीणही झाले, आणि आज डोळ्यांत औषध घालून हे लिहायला बसले आहे. तेव्हा त्या मोटारीला मी नावं ठेवणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. पण माझं वय झालंय, आणि या वयात मोजायला दुसरं उरतं काय?

आमचं गाव वाशीमपासून चार कोसांवर, शिरपूरच्या वाटेवर. घरात माणसं तीनच, आबा, माय आणि मी. बाकी सगळी जागा कापसाची. दिवाळीनंतर ओसरी, माजघर, अगदी देवाची खोलीसुद्धा कापसानं भरायची. माय त्या ढिगातून वाट काढत चुलीपाशी जायची आणि केसांत चिकटलेले कापसाचे पुंजके तसेच घेऊन भाकरी थापायची. पहाटे ताकात रवी फिरायची, गोठ्यात बैलांच्या घाट्या वाजायच्या, आणि या दोन्ही आवाजांच्या वर आबांचं खाकरणं. त्या खाकरण्यावरून घरात कळायचं की आज मिजास कशी आहे. मिजास बरी असली की हिवाळ्यात ते स्वतः तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसायचे, माय सोल्यांची आमटी करायची, आणि आबा एका बैठकीत चार भाकरी चुरून खायचे. बिघडली असली की ताट तसंच ठेवून गोठ्यात जायचे आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत बसायचे. मायच्या पाठीवर त्यांनी कधी हात फिरवलेला मला आठवत नाही. बैलांचं नशीब!

बैल पारखण्यात आबांचा शब्द पंचक्रोशीत चालायचा. बाजारात लोक त्यांना हाताला धरून न्यायचे. आबा आधी बैलाचे दात पाहायचे, मग त्याला चालवून पाहायचे, आणि शेवटी त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवायचे. बैल घटाघटा पाणी प्यायला की आबांची मान हलायची. "पानी पेनारा जनावर रोगी नसते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मग यायचा भाव. भाव तोंडानं बोलायचा नाही, ही आमच्याकडची रीत. दुपट्टा हातावर टाकायचा, त्याखाली घेणाऱ्यानं विकणाऱ्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव, आणि बाहेर दोघांनीही आभाळाकडे पाहत राहायचं. भोवतीच्या पन्नास माणसांना काही कळत नसे. आबांची सगळी अक्कल त्या दुपट्ट्याखाली होती, असं माय म्हणायची. आबांना ती स्तुती वाटायची.

त्या साली कापसाला भाव बरा मिळाला आणि शेजारगावचे बापूसाहेब मोटार घेणार अशी आवई उठली. बापूसाहेब म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, ताराचे, वडील. आबांचे आणि त्यांचे संबंध चांगले होते, म्हणजे दोघं एकमेकांच्या घरी जेवायचे आणि घरी परत येऊन नावं ठेवायचे. बापूसाहेबांच्या दारात मोटार आणि आपल्या दारात छकडा, हे आबांना कसं सोसावं? वाशीमच्या बाजारात कुणीतरी विचारलंच, "पाटील, आयकतो का तुमीबी मोटार घेऊन राह्यले? तुमाले कायले पायजे मोटार?" आता बापूसाहेब घेतायत म्हणून, असं काही बाजारात सांगता येत नाही. आबांनी मिशीवर हात फिरवून ठोकून दिलं, "माह्या पोरीसाठी! वच्छी वाशीमच्या इंग्रजी शाळेत जाईन. रोज मोटारीनं."

मी त्या वर्षी मराठी सातवी पास झाले होते. दोन्ही गावांची शाळा एकच, तीत तारा पहिली आणि मी दुसरी. तिचं अक्षर असं की मास्तर तिची पाटी बाकीच्या गावाला दाखवायला न्यायचे. इंग्रजी शाळेचं स्वप्न आम्ही दोघींनी विहिरीवर बसून पुष्कळदा पाहिलं होतं, पण वडिलांपुढे त्याचा उच्चार करायची हिंमत दोघींतही नव्हती. आबांनी बाजारातून आल्यावर ओसरीवर उभं राहून ही बातमी सांगितली, तेव्हा मी भाकरीचा घास तोंडात तसाच धरून बसले. मला इतका आनंद झाला की रडू आलं. माय मात्र तवा उतरवून बाहेर आली.

"पोट्टी तेरा वर्साची झाली. तिचं लग्न कराचं का तिले शाळंत धाडाचं?"

"बाजारात बोललो मी," आबा म्हणाले.

"मंग बाजारातच धाडा तिले!"

पण बाजारात दिलेला शब्द आबांनी कधी मोडला नव्हता. माझी शाळा त्या मोटारीवर ठरली ती अशी. मोटार आली तर शाळा, नाही आली तर लग्न. त्यानंतर मी देवाला रोज मोटार मागू लागले. देवालाही पहिल्यांदाच कुणी ती मागितली असावी.

पंधरा दिवसांनी अकोल्याहून मोटारकंपनीचा एजंट आला. विजार, टाय, हातात चामडी बॅग. त्यानं ओसरीवर चित्रांचा कागद पसरला. नवी कोरी, काळी, पितळी दिव्यांची मोटार. आधी थोडे पैसे द्यायचे, बाकीचे हप्त्यानं. मी दाराआडून पाहत होते आणि माझ्या मनात ती मोटार वाशीमच्या शाळेपुढे जाऊन उभीसुद्धा राहिली होती.

"म्हंजे सारे पैसे फिटेपर्यंत गाडी कोनाची?" आबांनी विचारलं.

"कागदावर कंपनीची. पण वापरायची तुम्हीच."

"दुसऱ्याचा बैल अन् माहा गोठा? वैरन मी घालाची, अन् मालक तू?"

एजंट हसला. त्याला वाटलं पाटील विनोदी आहेत. मग आबांनी रीतीप्रमाणे दुपट्टा काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून त्याची तीन बोटं धरली. एजंट बिचारा शहरातला. त्याला वाटलं, ही इकडची हस्तांदोलनाची तऱ्हा असेल. त्यानं आबांचा अख्खा पंजा धरला, जोरजोरात हलवला आणि "थँक यू, थँक यू" म्हणाला.

आबांचा चेहरा पडला. त्यांनी दुपट्टा उचलून झटकला. एजंटला चहा पाजला, सरळ वाटेला लावलं, आणि घरात येऊन मायला म्हणाले, "लुच्चा आहे लेकाचा! मी तीन बोटं धरली, त्यानं पंजा धरला. भाव कमी कराचा सोडून वाढवून राह्यला, अन् वरतून हासते!" मी दाराआडून सगळं पाहिलं होतं. मास्तरांकडे आलेले साहेब असाच हात हलवतात हेही मला ठाऊक होतं. पण ते सांगायला तोंड उघडलं नाही. वडिलांची चूक दाखवणं त्या काळी मुलींच्या अभ्यासक्रमात नव्हतं. एजंट आमच्याकडून निघाला तो थेट बापूसाहेबांकडे गेला. त्यांनी स्टँपवर सही केली आणि महिन्याभरात नवी मोटार दारात आणली.

माझा नातू सध्या याच पेचात आहे. बँकेची मुलगी रोज फोन करते, त्याच्या आजोबांची तब्येत विचारते, आणि कर्जावर नवी गाडी घ्या म्हणते. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. नातू मला विचारतो, आजी, नवी घेऊ की जुनी? मी त्याला म्हटलं, बाबा, माझा सल्ला घेऊ नकोस, माझं घराणं या बाबतीत बदनाम आहे.

बापूसाहेबांची मोटार पाहून आल्यावर आबा दोन दिवस गोठ्यात बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला छकड्यात घातलं आणि वाशीमला नेलं. तिथल्या एका जिनिंगवाल्या सेठची चार वर्षं वापरलेली मोटार विकाऊ होती. जिनाच्या अंगणात ती उभी होती, हिरवी, एका बाजूला जराशी कललेली. तिच्याजवळ सेठचा ड्रायव्हर हुसेनखाँ, मेंदी लावलेल्या दाढीचा, फडकं हातात घेऊन. इथे हप्ता नव्हता, कागद नव्हता, चित्रं नव्हती. समोर जनावर उभं होतं. आबांच्या चालण्यात एकदम ऐट आली.

त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. टायरांवर थापा मारल्या. दिव्यांत डोकावून पाहिलं. हुसेनखाँनं हँडल मारलं तशी ती ढणाणा करत सुरू झाली, अंगणातून एक चक्कर मारून आली आणि फुसफुसत थांबली. आबांनी विचारलं, "हिले पानी लागते का?" हुसेनखाँ म्हणाला, "लागते ना पाटील." त्यानं पुढचं झाकण काढलं आणि बादली ओतली. बादली संपली. दुसरी ओतली, तीही संपली. तिसऱ्या बादलीला आबांचे डोळे चमकले. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "पाह्यलं का वच्छे? कशी पेते!" हुसेनखाँनं काही बोलायला तोंड उघडलं, पण सेठ खाकरला तसं त्यानं ते मिटलं. मोटारीच्या पोटाखाली मातीत ओल पसरत होती. ती मला दिसली होती. मला वाटलं, बैलाचंही असंच असतं, पितो तेवढं सोडतो.

मग दुपट्टा पडला. सेठ मारवाडातला असला तरी वाशीमच्या बाजारात मुरलेला. दोघंही आभाळाकडे पाहू लागले. बराच वेळ दुपट्ट्याखाली हालचाल चालली, मग सेठनं उसासा टाकला, आणि आबा जिंकल्याच्या तोऱ्यात मला म्हणाले, "बस गाडीत." सेठनं सोबत हुसेनखाँही दिला. एवढ्या तत्परतेनं ड्रायव्हर कोण देतो, हा विचार तेव्हा कुणाला शिवला नाही. घरी आल्यावर मायनं मोटारीला ओवाळलं, चाकांवर पाणी घातलं, आणि आबांनी तिला भिंतीच्या सावलीला, खिल्लारी जोडीच्या शेजारी उभं केलं.

पहिल्याच आठवड्यात हुसेनखाँनं अदबीनं खरं सांगितलं. "पाटील, ये पीती नहीं, गिराती है." आबा त्याच्यावर उखडले. "तुले जनावरातलं काय समजते?" झालं, विषय संपला. दोन वेळा मोटार शेतापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा वाटेत थांबली. आबा म्हणाले, नव्या गोठ्यात रुळायला वेळ लागतो. मोटारीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे माठ बांधले गेले. शाळा उघडायला महिना राहिला होता. मी रोज सकाळी जाऊन मोटारीच्या पोटाखाली वाकून पाहायची, आणि ओल दिसली की देवाला आणखी एक नमस्कार घालायची.

तेवढ्यात मायनं डाव टाकला. मंगरूळकडचं एक स्थळ तिनं माहेरच्या ओळखीनं आणलं. मुलगा सव्वीसचा, बिजवर, पण घरी दीडशे एकर काळी जमीन. पाहुणे वाशीमपर्यंत येणार होते. माय म्हणाली, "अवो, दारात मोटार आहे ना? मंग आना त्याईले मोटारीनं. पोरीच्या शाळेसाठी घेतली म्हनता, पोरीच्या लग्नाले तरी कामी येऊ द्या." आबांना बाजारातला शब्द आठवत होता, पण पाहुण्यांना मोटारीतून मिरवायची संधीही दिसत होती. त्यांच्या मनात शब्द आणि मिजास यांची कुस्ती झाली. मिजास जिंकली.

त्या दिवशी मायनं सरगुंडे केले. काडीवर कणीक गुंडाळून, वाळवून ठेवलेले ते नाजूक सरगुंडे फक्त जावयासाठी बाहेर निघायचे. मला नऊवारी नेसवली, नथ घातली, आणि माजघरात पाटावर बसवलं. मी मनातल्या मनात इंग्रजी शाळेला शेवटचा नमस्कार केला. रडायचं नाही, काजळ फिसकटेल, असं मायनं बजावलं होतं. मी त्या माउलीवर इतकी चिडले होते की काजळ मुद्दाम फिसकटवलं.

वाटेत जे घडलं ते मी पाहिलं नाही, पण हुसेनखाँनं पुढे ते इतक्या वेळा सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे. पाहुणे चार होते. मुलाचा बाप मधोमध, डोक्याला जरीचा फेटा, मांडीवर पिण्याच्या पाण्याचा तांब्या. पहिल्या कोसाला एक माठ संपला, दुसऱ्या कोसाला दुसरा. आबा मागे वळून कौतुकानं सांगत होते, "बम पानी पेते. जातिवंत आहे." नाल्यापाशी मोटारीनं वाफ सोडली आणि बसकण मारली. उन्हाळ्यात नाल्यात पाणी कुठलं? आबांनी सोयऱ्याच्या मांडीवरचा तांब्या उचलला आणि मोटारीत ओतला. मोटार हललीही नाही. मग आबा म्हणाले, "जरासा हात लावा ना, सोयरे."

वरबापाला हात लावा म्हणावं! आमच्याकडे वरबापाच्या पायाला मुलीच्या बापानं हात लावायचा असतो. चार पाहुण्यांनी, भर दुपारी, फेटे सावरत, तहानेनं सुकलेल्या तोंडांनी ती मोटार नाल्याच्या चढावर ढकलली. अर्ध्यावर ती मागे आली आणि वरबापाचा जोडा चाकाखाली गेला. शेवटी हुसेनखाँ धावत गावात आला आणि खिल्लारी जोडी घेऊन गेला.

दिवस कलताना आमच्या वेशीतून ती वरात आली. पुढे बैलजोडी, मागे मोटार, स्टिअरिंगच्या चाकापाशी आबा ताठ बसलेले, मागे चार पाहुणे घामानं निथळलेले. सगळं गाव दारात उभं होतं. माय कपाळाला हात लावून चुलीपाशी गेली. पाहुण्यांनी पाणी मागितलं, एक हंडा संपवला, जेवायला बसले, सरगुंडे दोनदा मागून घेतले, आणि हात धुतल्यावर वरबाप म्हणाला, "पोरगी पाह्याची गरज नाही, पाटील. ज्याले जातिवंत जनावर अन् फुटकं भांडं यातलं अंतर कयत नाही, त्याच्या घरी सोयरीक नाही."

बंद मोटारीतून ते परत जाणार कसे? आबांनी त्यांना छकड्यातून पाठवलं.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. मोडलेल्या सोयरिकीचं त्यांना दुःख नव्हतं, पारख खोटी ठरली याचं होतं. माजघरात मी नथ काढून ठेवली आणि खोटं कशाला बोलू, मला नाचावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी ओसरीवर भिंतीला टेकून बसलेले आबा पाहून जीव तुटतही होता. मी त्यांना तांब्याभर पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "पानी नको आनू आता कोनी माह्यासमोर."

आता आबांकडे एकच गोष्ट खरी करायची उरली होती, बाजारात दिलेला शब्द. पारख गेली, आता शब्दही गेला तर बाजारात तोंड कसं दाखवायचं? माय म्हणाली, दुसरं स्थळ पाहू. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज न चढवता सांगितलं, "पोरगी शाळंत जाईन. अन् मोटारीनंच जाईन. मी बोललो तसं." शाळा उघडली त्या दिवशी पहाटे त्यांनी मोटारीला खिल्लारी जोडी जुंपली. मी आत बसले, मांडीवर नवी वही. पुढे आबा चाकापाशी, हुसेनखाँ बैलांपाशी. चार कोस आम्ही असे गेलो. वाशीमच्या शाळेसमोर पोरं हसून हसून लोळली. आबांनी खाली उतरून, त्यांच्याकडे न पाहता, मला दारापर्यंत नेलं. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. कोणता आधी, ते अजून ठरलेलं नाही. पुढे मी वाशीमला आबांच्या मामेबहिणीकडे राहू लागले, आणि मोटार कायमची बाभळीखाली गेली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

मोडलेलं स्थळ मात्र वाया गेलं नाही. महिन्याभरात तेच चार पाहुणे बापूसाहेबांच्या नव्या मोटारीतून ताराला पाहायला आले. मोटार सुरू झाली ती थेट दारात थांबली, सांगितल्या वेळेच्या आधी. वरबाप इतका खूश झाला की मुलीपेक्षा मोटारीकडेच जास्त पाहत होता. लग्न झालं. त्याच मोटारीतून तारा सासरी गेली, नवदांपत्य वाटेत पोहरादेवीचं दर्शन घेऊन पुढे गेलं. बापूसाहेबांनी हप्ते वेळेवर फेडले, आणि ती मोटार कित्येक वर्षं कुरकुर न करता चालली. व्यवहार म्हणून पाहिलं तर ते शंभर टक्के बरोबर होते आणि आमचे आबा शंभर टक्के चूक.

पुष्कळ वर्षांनी, मी वाशीमला हेडमास्तरीण असताना, तारा आपल्या नातीचं नाव घालायला शाळेत आली. केस पांढरे, दात दोन गेलेले. सासरी नेलेल्या तिच्या गणिताच्या पुस्तकाच्या पानांवर सासूनं पहिल्याच उन्हाळ्यात कुरोड्या वाळत घातल्या, हे तिनं हसत सांगितलं. क्लार्क कागदावर नातीचं वय मांडत होता, किती वर्षं, किती महिने, किती दिवस. त्याचं मांडून व्हायच्या आत तारानं तोंडानं सांगून टाकलं. त्यानं ताळा करून पाहिला, बरोबर होतं.

मग तिनं विचारलं, "तुह्या आबाची मोटार कोठी आहे वं आता?"

"सडली बाभळीखाली. तुमची?"

"आमची बम चालली," तारा म्हणाली. मग ती खिडकीतून मैदानावरच्या पोरींकडे पाहू लागली. "मले न्याले आली तवा एक खेप तरी बंद पडाले पायजे होती, माय."

क्लार्कनं पालकाच्या सहीसाठी कागद पुढे सरकवला. तिनं पदरानं बोटं पुसली आणि सावकाश सही केली. अक्षर तसंच होतं, पहिल्या नंबराचं.